जाऊबाईंची पोटदुखी

मंद्रूपहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंस दोन वर्षांपासून जेवणानंतर पोटांत कळ येते, ढाळ होतात आणि मधूनच तोंड लालबुंद होतें. कळ पित्ताच्या खात्यावर पडली, लाली पाळी जाण्याच्या वयाच्या. पुढें आंतड्याचा क्षय समजून, तुकडा न तपासतांच औषधेंही झालीं. आतां सोलापुरास केलेल्या सी. टी. स्कॅनमध्यें लहान आंतड्याजवळ गांठ दिसते आणि यकृतावर डाग. घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतात, "सुई लावली कीं रोग भडकतो."

पत्रावरून निदान करण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाहीं. पण या लक्षणांच्या मेळास एक नांव आहे व तें डॉक्टरांस विचारलेंच पाहिजे. १९०७ सालीं ओबर्नडॉर्फर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांनीं लहान आंतड्यांतील अशा गांठींस 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारख्या, म्हटलें. त्या निरुपद्रवी असतात ही आपली समजूत १९२९ सालीं त्यांनींच दुरुस्त केली. (आपली चूक आपणच छापणारे लोक आम्हांस फार प्रिय!)

गांठ उशिरां सांपडते, यांत सगळा दोष डॉक्टरांचा नव्हे. तोंडावाटे घातलेली दुर्बीण लहान आंतड्याच्या आरंभींच थांबते. गुदमार्गानें घातलेली त्याच्या शेवटास जेमतेम शिवते. मधलें कित्येक हात आंतडें दोहोंसही अदृश्य! शिवाय ही गांठ कधीं हरभऱ्याएवढीच असते. ती सेरोटोनिनसारखीं द्रव्यें रक्तांत सोडते. परंतु यकृत तीं वाटेंतच नाहींशीं करतें. म्हणून तोंडाची लाली बहुधा रोग यकृतांत पोंचल्यावरच दिसूं लागते.

चोवीस तासांची लघवी तपासून या द्रव्याचा अवशेष मोजतां येतो. त्यापूर्वीं दोनतीन दिवस केळें, अननस, अक्रोड वर्ज्य. नाहीं तर आंकडा फसवतो. गॅलियम-६८ वापरून केलेल्या पेट स्कॅनमध्यें गांठीचा माग लागतो. तरी शेवटचा शब्द तुकड्याचाच. क्षय कीं गांठ, हेंही तोच सांगेल. सुईच्या वाटेनें रोग पसरणें अत्यंत विरळा. भिण्याजोगी गोष्ट निराळीच आहे: अशा रोग्याचा रक्तदाब भूल देतांना वा गांठीस हात लावतांना एकाएकीं ढळूं शकतो. यासाठीं लालीची हकीकत आधींच सांगावी, म्हणजे ऑक्ट्रिओटाइड हाताशीं ठेवतां येतें. याच औषधाच्या इंजेक्शनांनीं ढाळ व लालीही पुष्कळ आटोक्यांत येतात. रोग बहुधा मंदगति असल्यानें यकृतावर डाग असूनही कित्येक रोगी वर्षानुवर्षें संसार करतात.

कर्करोगाचें रुग्णालय आपल्याच जिल्ह्यांत, बार्शीस आहे. ग्रामीण भागांतील कर्करोगाची भारतांतील पहिली नोंदवही १९८७ सालीं तेथेंच सुरू झाली. मुंबईच्या नांवानें खोळंबून राहूं नये.

एक मात्र खटकलें. चार पानी पत्रांत सर्वांचीं मतें आहेत, जाऊबाईंचें नाहीं. पुढील पत्र त्यांच्या हातचें यावें.