विश्लेषण : नववीचा व्यवसाय विषय नाव बघून निवडायचा की कार्यशाळा बघून?

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि नववीच्या वर्गात एक प्रश्न येतो : व्यवसाय शिक्षणाचा कोणता विषय घेणार? शहरातले पालक चार जणांना विचारून ठरवतात. एटापल्ली, कोरची किंवा जिवतीकडच्या घरांत बहुधा गुरुजी सांगतील तेच अर्जावर लिहिले जाते. अर्ज भरायला एक मिनिट लागते, विषय मात्र दोन वर्षे सोबत राहतो. म्हणून अर्जावर लिहिण्याआधी थोडे थांबून विचार करायला हवा.

हे विषय नेमके कोणते?

समग्र शिक्षा योजनेतून राज्यातील निवडक शाळांमध्ये नववी-दहावीला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यावर आधारलेले विषय शिकवले जातात. वाहनदुरुस्ती, इलेक्ट्रॉनिक्स, वीजमीटर, प्लंबिंग, शिवणयंत्र, शेती, आरोग्यसेवा, पर्यटन, किरकोळ विक्री, सौंदर्योपचार अशी ही यादी आहे. तांत्रिक विद्यालयांत यंत्र, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञानाची मूलतत्त्वे हे जुने विषयही आहेत. या विषयांत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकालाही गुण असतात.

मग निवड कोण करतो?

यादी लांबलचक असली तरी एका शाळेच्या वाट्याला त्यातले मोजकेच विषय येतात. शिकवणारे प्रशिक्षक बहुतांशी बाह्य संस्थांमार्फत कंत्राटावर नेमलेले असतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या आवडीआधीच शाळेला कोणता विषय मंजूर झाला, प्रशिक्षक आला का आणि साहित्य पोहोचले का, यावर निम्मी निवड ठरून गेलेली असते. मोठ्या शहरात एक शाळा नाही तर दुसरी असते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटणाऱ्या भामरागडात तसे नसते. त्यामुळे इथे विषय चुकला किंवा कागदावरच राहिला, तर विद्यार्थ्याकडे दुसरा मार्ग उरत नाही.

विषय इथल्या जगण्याशी जुळतात का?

खरी अडचण इथे आहे. दहावीच्या शेती विषयातील अभ्यासक्रम टोमॅटो, वांगी, मिरची या वर्गातील पिकांभोवती बेतलेला आहे. हे दोन जिल्हे प्रामुख्याने धानाचे. भाजीपाल्यातून रोख पैसा मिळतो हे खरे, पण बांधी, रोवणी आणि धानाची साठवण रोज पाहणाऱ्या मुलाला शाळेतली शेती परकी वाटू शकते. किरकोळ विक्रीचेही तसेच. मॉलमधील मांडणी शिकणाऱ्या मुलीच्या गावात आठवडी बाजार भरतो.

पण हाच विषय इथला करता येतो. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला तो 2012 मध्ये मिळाला. या गावांनी बांबूची विक्री स्वतः केली. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचे लिलाव करतात. मोजमाप, प्रतवारी, निविदा, पावती, मजुरीचा हिशेब हे सारे विक्रीशास्त्रच आहे. तेच उदाहरण म्हणून वर्गात आले, तर विषय गावाच्या उपयोगी पडेल. चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. जंगलपट्ट्यातील शाळांना त्याच्याशी जोडणे अवघड नाही.

दुसऱ्या बाजूला मोठे उद्योग आहेत. चंद्रपूरचे 2,920 मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि अलीकडे सूरजागडची लोहखाण व कोनसरीचा पोलाद प्रकल्प. स्थानिकांना रोजगार हवा, ही मागणी जुनी आहे. पण मुलगा फाटकावरचा रखवालदार होणार की यंत्रावरचा तंत्रज्ञ, याची सुरुवात नववीतच होते. वीज, जोडकाम आणि मोजमापाशी तेव्हा हाताची ओळख झाली, तर पुढे आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा रस्ता सोपा होतो.

यातून आदिवासी मुले मजूरच राहतील का?

ही भीती पोकळ नाही. वर्ध्यात 1937 मध्ये नई तालीमची मांडणी झाली, तेव्हाही शिक्षणात हातकाम आणल्याने शिक्षणाचा दर्जा घसरेल, अशी शंका घेतली गेली होती. आजही ‘हुशारांना विज्ञान, बाकीच्यांना कौशल्य’ अशी वाटणी झाली, तर ती गरिबांवरच पडेल. म्हणून व्यवसाय विषय गणित-विज्ञानातून सुटका म्हणून घेऊ नये. पॉलिटेक्निकला हे दोन्ही विषय लागतातच.

याला चांगले उत्तर महाराष्ट्रातच तयार झाले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय शाळांत गेला. त्यात कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, घर व आरोग्य ही चारही अंगे प्रत्येक विद्यार्थ्याने करायची असतात. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाकघरातले पोषण शिकतो. चौदाव्या वर्षी एकाच धंद्याचा शिक्का न मारता हाताला अनेक कामांची ओळख करून देणे, हे त्याचे सूत्र आहे. सौंदर्योपचार मुलींसाठी आणि वाहनदुरुस्ती मुलांसाठी, ही सवय मोडायलाही ते उपयोगी आहे. पर्याय असेल तिथे हा बहुकौशल्य विषय दोन्ही जिल्ह्यांसाठी सर्वांत योग्य ठरतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नेही शालेय वयातच सर्वांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, अशीच दिशा दिली आहे.

पालकांनी काय विचारावे?

पहिले, प्रशिक्षक आज शाळेत आहे का? दुसरे, साहित्य कुठे आहे आणि मागच्या वर्षी मुलांनी त्यावर काय बनवले? तिसरे, हा विषय वेळापत्रकात कशाच्या जागी येतो? चौथे, आयटीआय आणि पॉलिटेक्निक प्रवेशात त्याचा काही लाभ मिळतो का? अशा विद्यार्थ्यांसाठी काही जागा ठेवण्याची पद्धत आहे. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी. पाचवे, मुलांनी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी भेटी दिल्या का?

पाना-पक्कड कपाटात कुलूपबंद असेल, तर विषयाचे नाव कितीही आधुनिक असो, तो पाठांतराचाच विषय राहतो. साध्या नावाच्या विषयात मुलाने सौरदिवा जोडला, पंप उघडून पुन्हा बसवला, तर तो विषय खरा.

शिक्षण विभागाने विषय मंजूर करताना जिल्ह्याची गरज पाहावी आणि जूनमध्येच प्रशिक्षक द्यावा, ही मागणी रास्त आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीतून व्हायला हवी. ज्या ग्रामसभा बांबूचा भाव ठरवतात, त्यांनी गावातल्या शाळेत कोणता विषय यावा हेही विचारायला हरकत नाही.