लाल डबा आपला आहे

१९०१ साली मसूर स्टेशनावर लहानग्या बाबासाहेबांना गाडीवान गाडीत घेईना. दुप्पट भाडं ठरलं, तरी बाटेल म्हणून तो गाडीशेजारनं पायी चालला. आज एसटीच्या रातराणीत एकाच सीटवर खांद्याला खांदा. मध्यरात्री डुलकी लागली की सनातन्याचं डोकं माझ्याच खांद्यावर! कुठं गेला विटाळ? पण ज्याच्या खिशात दाम, तो पडद्याच्या स्लीपरमध्ये पळाला. आपल्याला लाल डबा. त्याचंही भाडं जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढवलं. एसटीचं ब्रीद बुद्धाचं : बहुजन हिताय, बहुजन सुखाय. मग बहुजनालाच खाली उतरवता? दोस्तांनो, मसूरचं दुप्पट भाडं आपण विसरलेलो नाही. ही सीट सोडायची नाही!