उलटा हात

गेल्या भाऊबीजेला आमची धाकटी बहीण चाकणहून चिंचवडला आली ती मुलाला बरोबर घेऊनच. भाचेबुवांच्या गळ्यात मफलर होता. आमच्या लहानपणी दिवाळीच्या पहाटे मफलरवाचून बाहेर पडवत नसे. आता पवनेकाठीही ती थंडी राहिलेली नाही. तेव्हा भर दुपारी बारा वाजता मफलर पाहून मला जरा संशयच आला. नमस्काराला वाकताना तो सरकला आणि खालची मान दिसली. हनुवटीपासून कंठापर्यंत, चकलीवर उठतात तसे काटे उठले होते. लालभडक! दोन ठिकाणी रक्त सुकलेले.

"हे काय रे?"

"दाढी," तो म्हणाला.

एका शब्दात एवढे दुःख मी शोकांतिका शिकवतानाही कधी ओतू शकलो नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. त्वचेशी माझा संबंध काय, असे कोणी विचारील. पण काही विषयांचे ज्ञान माणसाला पुस्तकांतून मिळत नाही, अंगावर काढावे लागते. माझ्या हनुवटीखाली डाव्या अंगाला केसांचा एक भोवरा आहे. तिथले केस खाली वाढत नाहीत, वर वाढत नाहीत, गोल फिरतात. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली चाकणचा भुईकोट शाहिस्तेखानाच्या एवढ्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला, याचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण आमचा हा भोवरा गेली पंचवीस-सव्वीस वर्षे लढतो आहे आणि अजून त्याने किल्ला खाली केलेला नाही.

माझ्या लग्नाच्या सकाळची गोष्ट. चिंचवड गावठाणात ज्यांच्याकडे मी तेव्हा जात असे, त्या केशकर्तनालयवाल्या काकांनी सुलट हाताने दाढी केली आणि वस्तरा पुसायला घेतला. मी म्हटले, "काका, आज उलटा हातही फिरवा. लग्न आहे." काका म्हणाले, "साहेब, लग्न आहे म्हणूनच नको म्हणतो." संत सेना महाराजांचा व्यवसाय करणारा तो माणूस, चार शब्दांत तत्त्वज्ञान सांगून मोकळा झाला. मी मात्र एम. ए. झालेला. ऐकतो कशाला? अक्षता पडेपर्यंत मानेवर इतके पुरळ उठले, की लग्नाच्या आल्बमात एकाही छायाचित्रात माझा गळा दिसत नाही. सर्वत्र उपरणे कानापर्यंत. आमच्या सौ. अजून सांगतात, "मला वाटलं, स्थळ चांगलं आहे पण सर्दीचं आहे."

तेव्हा भाच्याचा मफलर मला लगेच ओळखू आला. घराण्यातलाच तो.

पण त्याचे प्रकरण माझ्याइतके गमतीचे नव्हते. चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात तो रंगविभागात शिकाऊ म्हणून लागला होता. तिथे फवाऱ्याने रंग देणाऱ्याला नाकातोंडावर रबरी मुखवटा चढवावा लागतो. मुखवट्याची कड चेहऱ्याला घट्ट चिकटून बसली तरच आतली हवा गाळून येते. मध्ये खुंट आले की फट राहते आणि बाहेरची हवा फुकट आत शिरते. म्हणून रोज गुळगुळीत दाढी हा तिथला नियम. दोनदा त्याला दारातूनच परत पाठवले होते. घाबरून हे महाशय पाच पात्यांच्या यंत्राने सकाळी एकदा आणि कामावर निघताना पुन्हा एकदा, कातडी ताणून, उलट्या हाताने दाढी करू लागले. आता कातडी अशी झाली होती की पाते लावणे अशक्य, आणि पाते लावले नाही तर काम बंद. वर्षअखेरीला कायम होण्याची आशा होती, ती निराळीच.

बहीण म्हणाली, "मी म्हणते, चार दिवस तसाच जा. मुखवटा वरून नुसता घाल. कोण बघतंय?"

तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, "नाही."

आमचे अण्णा. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून ते फार थोडे बोलतात, त्यामुळे बोलले की घर थांबते. अण्णांची सारी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये गेली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली सरकारने हा कारखाना स्थापला आणि पुढच्याच वर्षापासून पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन तयार होऊ लागले. अण्णा तिथे १९७२ साली लागले, निर्जंतुक विभागात. टोपी, फडके, हातमोजे असा जामानिमा करूनच आत जायचे. घरी आल्यावरही एखाद्या धार्मिक माणसाने सोवळे सांगावे तसे ते आम्हाला निर्जंतुकता सांगत. दाढी करताना कापले की तुरटी फिरवून मी पळू लागलो, तर हात धरून ऑक्सफर्डच्या पोलिसाची गोष्ट ऐकवत. अ‍ॅल्बर्ट अलेक्झांडर त्याचे नाव. त्याच्या चेहऱ्यावरची जखम चिघळून विष डोळ्यांपर्यंत, फुप्फुसांपर्यंत गेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याला पेनिसिलिन टोचले. चारपाच दिवसांत तो उठून बसला, आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून काढून पुन्हा टोचले, तेही पुरले नाही. मार्चमध्ये तो गेला. "चेहऱ्यावरची जखम साधी नसते," एवढे बोलून अण्णा मला सोडत.

त्या दिवशी त्यांनी नातवाला जवळ बोलावले आणि हळूहळू, शब्द जुळवत, विचारले, "रंगात... काय असतं?" पोराला माहीत होते. मोटारीच्या वरच्या चकचकीत थराला घट्ट करणाऱ्या द्रव्यात आयसोसायनेट असते, आणि ते छातीत गेले की दमा जडू शकतो. एकदा जडला की पुढे थोडेसे द्रव्यही सोसत नाही. "मग?" अण्णा म्हणाले. बहीण गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला पंचवीस वर्षांचे माझेच पाप उमगले. आपण कातडी ताणून उलट्या हाताने दाढी करतो तेव्हा केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. अनेक पात्यांच्या यंत्राने तर हे अधिकच साधते. गालावर हात फिरवून आपण खूश. पण ज्याचे केस वळणदार, त्याचा तो टोकदार केस वाढताना बाहेर न येता वळून कातडीतच घुसतो. शरीराला वाटते, काटा रुतला, आणि तिथे फोड येतो. आपण त्या फोडावरून पुन्हा पाते फिरवतो. म्हणजे गुळगुळीतपणा जितका अधिक, तितके काटे अधिक!

उपाय पहिला म्हणजे दाढीच न करणे. काही आठवडे वाढू दिली की रुतलेले केस आपोआप सुटतात. डॉक्टरांनी तशी चिठ्ठी लिहून दिली. पोराने कारखान्यात ती दाखवली तेव्हा, सांगायला बरे वाटते, तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याने तिची चेष्टा केली नाही. चार आठवडे त्याला रंगाच्या खोलीबाहेर, तपासणीच्या कामावर ठेवले. डोक्यावरून घ्यायची, आत शुद्ध हवा सोडणारी टोपडीही असते आणि तिला दाढी चालते, असेही त्यांनी सांगितले. पण ती शिकाऊ मुलांच्या वाट्याला येत नाही.

चार आठवड्यांनी मान निवळली आणि आमची शिकवणी सुरू झाली. रविवारी सकाळी, अण्णांच्या खोलीत. कारण अण्णांचा उजवा हात गेल्यापासून त्यांची दाढी मी करतो, आणि त्यांच्या हनुवटीखाली, डाव्या अंगाला, तोच भोवरा आहे.

पहिल्या दिवशी मी भाच्याच्या हाती यंत्र दिलेच नाही. नुसती बोटे फिरवायला लावली. गालावरचे केस खाली, जबड्याखालचे वर, कंठाजवळचे आडवे. प्रत्येकाच्या चेहऱ्याचा नकाशा निराळा आणि तो एकदा बोटांना पाठ झाला पाहिजे. मग कोमट पाण्याचा पंचा तीनचार मिनिटे. घाई इथेच नडते. भिजलेला केस फुगतो, मऊ होतो, कोरड्यापेक्षा कितीतरी कमी जोराने कापला जातो. वाटीतला साबण ब्रशने फेसून लावायचा आणि आणखी दोन मिनिटे थांबायचे. आमच्या भाच्याला थांबणे म्हणजे शिक्षा वाटते, पण त्याला पटेल अशी एक गोष्ट माझ्यापाशी होती. अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये पात्यांची धार का जाते याचा अभ्यास झाला आणि २०२० साली तो 'सायन्स'मध्ये आला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरी तो वाकून धारेला बाजूने भिडला की पात्याचा बारीक टवका उडवतो. डिप्लोमा झालेला पोरगा. टवका उडालेले हत्यार काय करते हे मी त्याला सांगावे?

पाच पात्यांचे यंत्र बंद झाले. एका पात्याचे आले. दाब नाही, यंत्राच्या वजनानेच उतरू द्यायचे. आखूड हात. कातडी ताणायची नाही. एकदाच, सुलट. नंतर गार पाणी. फोड असेल तर तुरटी नाही, आणि ते सुवासिक, झोंबणारे पाणी तर मुळीच नाही. रुतलेला केस टाचणीने उकरायचा नाही.

"पण मामा, थोडी खरखर राहते," तो म्हणाला.

"राहू दे."

"मुखवट्याला चालेल?"

हा प्रश्न मात्र मला सुटणारा नव्हता. तो कारखान्यातच सुटला. मुखवटा चढवून वर पिशवीसारखे टोपडे घालतात, आत कडू फवारा सोडतात, आणि मान इकडेतिकडे वळवायला, बोलायला लावतात. जिभेला कडू लागले तर मुखवटा गळतो. त्या सकाळी त्याने एकच सुलट हात फिरवला होता. दुपारी फोन आला, "मामा, कडू नाही लागलं!" एवढ्या आनंदाने कोणी एखादा पदार्थ कडू नसल्याचे सांगितलेले मी ऐकले नव्हते. रोज कामावर जायच्या आधी ताजी दाढी हवी, एवढेच, आरशासारखी नको.

जूनमध्ये तो कायम झाला. अजूनही महिन्यातून एखादा काटा उठतो, नाही असे नाही. सुट्टीच्या दोन दिवसांत तो दाढीला हात लावत नाही, त्यामुळे बहिणीला वाटते मुलगा उदास आहे.

रविवारी मात्र तो चिंचवडला येतो. अण्णांची दाढी आता तोच करतो. माझा हात जड, असा अण्णांचा निकाल. परवा मी दारातून पाहत होतो. भोवऱ्यापाशी आल्यावर पोराने यंत्र उचलले, बोटाने चाचपले, जरा वळवले आणि आखूड हाताने खाली आणले. पंचाने तोंड पुसून झाल्यावर अण्णांनी डाव्या हाताची पाठ आपल्या गालावरून फिरवली, मग नातवाच्या.

"खरखरतंय," ते म्हणाले, आणि चहा मागितला.