शेवट कुठेय?

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (2007) विरार लोकलमध्ये मोबाईलवर संपवून मित्र चिडला. "हिरो मरताना दाखवलाच नाही, खुनी सुटला, म्हातारा शेरीफ स्वप्न सांगतो आणि संपलं? शेवट कुठेय?"

मला ही तक्रारच मान्य नाही. इतके मुडदे पडले, त्याचा त्याला त्रास नाही; सूड मिळाला नाही, याचा आहे. 'सैराट'च्या (2016) शेवटीही मारेकऱ्यांना शिक्षा दिसत नाही, दिसतात रक्ताने उमटलेली इवली पावलं. तेव्हा आम्ही दोघं वसईपर्यंत गप्प होतो. कारण मेलेले आपले वाटले होते. टेक्ससमधले परके, म्हणून तिथे स्कोअर हवा.

सूड दाखवला असता, तर भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत सगळं विसरला असतास, मित्रा.