प्लीज, तो स्पंज धुऊ नका!

नागपुरातल्या कुठल्याही ग्रुपचा निम्मा ग्रुप पुण्यात असतो. जानेवारीत माझा रूममेटही तिकडे गेला. ऑफर लेटर आलं, आठवड्याभरात सामान बांधलं आणि जाताना काचेच्या बाउलमधले दोन गोल्डफिश माझ्या गळ्यात मारून गेला. सूचना एकच : "जास्त खायला देऊ नको बे."

बाउल कलिंगडाएवढा, मासे दोन. मला जाम वाईट वाटलं. पगार झाल्यावरच्या शनिवारी सीताबर्डीतल्या एका दुकानातून तीन फुटांचा टँक आणला. शंभर लिटर पाणी मावतं. (काच-खडी धरून वजन सव्वाशे किलोच्या घरात. कॉम्प्युटर टेबलावर ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या.) दुकानदार म्हणाला, सगळं चकाचक धुऊन घ्या. मीही पेटलो. बाउलमधली शेवाळलेली खडी फेकली. त्यातला छोटा, काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज फिल्टर दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला. नवा फिल्टर, नवी पांढरीशुभ्र खडी, नळाचं ताजं पाणी. मासे वन रूम किचनमधून थेट थ्री बीएचकेत! फोटो काढला, स्टेटसला टाकला.

पाचव्या दिवशी सकाळी एक मासा वर तरंगत होता. दुसरा पाण्याच्या वरच्या थराशी तोंड लावून धापा टाकत होता. पाणी मात्र आरशासारखं नितळ.

रूममेटला फोन लावला. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "स्पंज कुठंय?"

"फेकला ना. घाण झाला होता."

"अबे, तो घाणच पाहिजे असतो! तुला माहीत असंल वाटलं मला."

नव्हतं ना माहीत. त्याने चिडून दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फंडा असा आहे. मासा सतत अमोनिया बाहेर टाकतो, मुख्यतः कल्ल्यांतून. गोल्डफिश तर यात उस्ताद. त्याला जठरच नसतं, त्यामुळे सारखा खातो आणि सारखी घाण करतो. अमोनिया विषारी, आणि डोळ्यांना दिसत नाही. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते पाणी बदलून काढता येतं. आता हे जिवाणू राहतात कुठे? पाण्यात फारसे नाहीत. ते चिकटून राहतात स्पंजला, खडीला, काचेला. म्हणजे मी ज्याला घाण म्हणून फेकलं ती त्या बाउलची अख्खी सॅनिटेशनची टीम होती. आपल्या भांडेवाडीतही शहराचं सांडपाणी साफ होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तिथे घाण खायचं काम शेवटी जिवाणूच करतात. माझ्या शंभर लिटरच्या शहरात ही यंत्रणाच नव्हती.

उरलेल्या माशाला वाचवलं ते वरच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांच्याकडे कित्येक वर्षांपासून टँक आहे. मी जिन्यात रडगाणं सुरू केलं तर म्हणाले, "हौ, बस झालं आता. बादली घेऊन ये, टँकचंच पाणी भरून आण." त्यांनी आपल्या फिल्टरमधला जुना स्पंज त्या बादलीत टाकला. ओलाच न्यायचा, वाळला की खेळ खलास. मी तो माझ्या फिल्टरमध्ये नव्या स्पंजशेजारी खोचला. काकांनी दुसरा एक काळा स्पंज माझ्या टँकमध्ये पिळलासुद्धा. पांढरीशुभ्र खडी, आणि त्यावर ते गढूळ पाणी. माझा चेहरा बघून हसत होते.

पुढचे तीन आठवडे ऑफिसातून आलो की शूज काढायच्या आधी टेस्ट किट. अमोनिया हळूहळू उतरला, मग नायट्राइट चढलं. रोज पाव टँक पाणी बदलायचं. खायला एक दिवसाआड, चिमूटभर. चौथ्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले तेव्हा प्रमोशन मिळाल्यासारखं वाटलं.

पाणी बदलतानाही नळ थेट सोडायचा नाही. पेंचचं असो की कन्हानचं, त्यात क्लोरीन असतं आणि असायलाच हवं. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार घरच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरावं लागतं. आपल्याला ते वाचवतं, माशाचे कल्ले मात्र भाजतं आणि त्या जिवाणूंना मारतं. म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटोग्राफर मंडळींचा ‘हायपो’ तो हाच. नाहीतर पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवायचं. आरओचं पाणी ‘प्युअर’ म्हणून ओतायचा मोह होतो, पण त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि गोल्डफिशला ते लागतात. स्पंज तुंबला तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. मासा हलवताना पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं नवं पाणी आत घालायचं. माझ्या पहिल्या ‘गृहप्रवेशात’ यातलं काहीच झालं नव्हतं.

आणि आता मे महिना. या गावाने २०१३ साली ४७.९ डिग्री पाहिलेत. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला साडेसातच. वर गरम पाण्यात अमोनियाही जास्त विषारी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहाच्या लायकीचं असतं, म्हणून भरायचं ते पहाटे. टँक कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत सरकवलाय, वरचं झाकण काढून जाळी टाकलीय. वारा पाण्यावरून गेला की दोन-तीन डिग्री उतरतात. परवा वादळात चार तास लाइट गेली. फिल्टर बंद, म्हणजे माशाबरोबर जिवाणूही गुदमरणार. मेणबत्ती लावून मगाने पाणी उचलून उंचावरून ओतत बसलो. ऑफिसातला एक जण म्हणाला, "एवढं कायले करून राहिला? फुटाळ्यात सोडून दे ना." अजिबात नाही. गोल्डफिश तळ उकरून पाणी गढूळ करतात, तलावातल्या मूळच्या माशांचं खातात. घरी आणला तर आपणच सांभाळायचा.

रूममेट रविवारी व्हिडिओ कॉल करतो. पहिले दोन महिने माशाबद्दल काही विचारतच नव्हता. मागच्या रविवारी म्हणाला, "कॅमेरा जरा खाली घे." मी घेतला. बघत बसला.

दुसरा मासा आणायला हरकत नाही, असं काका म्हणतात. मी अजून आणलेला नाही. उद्याच्या पाणीबदलासाठी आज पहाटे पंचवीस लिटर भरून ठेवलंय, आणि घरात आंघोळीला एकही बादली शिल्लक नाही.