८० फुटांची परवानगी

दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, माझ्या मोबाइलवर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे फोटो येऊन पडतात. पांढरा फेटा, ताठ चेहरा आणि खाली एखादा सुविचार. त्यातले निम्मे सुविचार त्यांचे नसावेत. मी सॉफ्टवेअरवाला, सिमेंटशी माझा संबंध घराच्या हप्त्यापुरता. तरीही या माणसाबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटतं, कारण त्यांच्या आयुष्यातला आपल्याला सगळ्यात उपयोगी भाग त्या फोटोंत कधीच येत नाही.

त्यांची सुरुवात आपल्याकडची. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनिअर झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिकला रुजू झाले. पुढे खानदेश, पुणे, आणि १९०३ मध्ये खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुरात हैदराबाद वाहून गेलं, तेव्हा निजाम सरकारने त्यांना बोलावलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यांच्या योजनेतून आले. (निजामसागरवाले नवाब अली नवाज जंग यांच्यावरही कधीतरी याच पानावर लिहायला हवं. आपल्या किती मुलांनी त्यांचं नाव ऐकलंय?)

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ मध्ये दिवाण. इथून इंजिनिअरचा मुत्सद्दी होतो. १८८१ पासून म्हैसूरचं राज्य इंग्रजांनी घातलेल्या अटींवर चाललं होतं. १९१३ मध्ये त्या जागी रीतसर तह झाला, तो त्यांच्याच दिवाणगिरीत.

कावेरीवरच्या कन्नंबाडी धरणाचं प्रकरण तर शिकवण्यासारखं आहे. म्हैसूरला १२४ फूट उंची हवी होती. खालच्या अंगाला मद्रास इलाखा, त्यांच्या शेतीचं पाणी अडेल म्हणून विरोध. परवानगी मिळाली ८० फुटांची. विश्वेश्वरय्यांनी काम सुरू केलं, पण पाया घातला १२४ फुटांना पेलेल असा रुंद. मद्रासच्या बाजूने पाहिलं तर ही चलाखीच. वाद लवादापुढे गेला, वर्षानुवर्षं चालला आणि १९२४ च्या करारात पूर्ण उंची मान्य झाली. तोवर ते पदावर नव्हते. याच धरणाच्या कामात टिपू सुलतानच्या कावेरीवरील बंधाऱ्याचा फारसी शिलालेख सापडला. तो आजही धरणाच्या प्रवेशद्वाराशी आहे.

मग पद का सोडलं? १९१८ मध्ये लिंगायत, वक्कलिग आणि मुस्लिम पुढारी एकत्र येऊन म्हैसूरच्या महाराजांकडे गेले. सरकारी नोकऱ्या बहुतेक ब्राह्मणांकडे आहेत, आम्हालाही वाटा द्या, अशी मागणी होती. महाराजांनी मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे पटलं नाही. आधी शिक्षण वाढवा, जागा गुणवत्तेवरच द्या, असं त्यांचं म्हणणं. वर्षअखेर त्यांनी दिवाणपद सोडलं.

माणूस प्रामाणिक होता, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गणित अर्धं होतं. त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं आणि राधानगरीचं धरणही हाती घेतलं. म्हणजे धरण आणि वाटा दोन्ही एकाच राज्यात जमत होतं. पाण्याची पातळी इंचात मोजणाऱ्या माणसाला आपल्याच कचेरीत कोण बसलंय आणि कोण बाहेर उभं आहे, हे मोजावंसं वाटलं नाही. याची मला आजही चुटपुट लागते.

आता आमच्या भागाकडे या. जव्हार-मोखाड्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. मोखाड्याच्या कुशीतून वैतरणा वाहते. तिच्यावर मोडकसागर आहे, ज्याला नाव मिळालं तेही एका इंजिनिअरचं, ना. वि. मोडकांचं. २०१४ मध्ये मध्य वैतरणाही उभं राहिलं. पाणी जातं मुंबईला. मुंबईला पाणी लागतंच, माझे निम्मे नातेवाईक तेच पितात, त्यावर वाद नाही. वाद एवढाच की पाइपलाइन आखली गेली तेव्हा टेबलाच्या या बाजूला वारली, कोकणा, कातकरी यांच्यातलं कोण होतं? आणि बाजारपेठेतली आपली मोजकी घरं तेव्हा कोणासोबत उभी होती?

आपल्यातली बरीच मुलं आता सिव्हिल, कॉम्प्युटर करतात आणि मग थेट ठाणे, पुणे, दुबई. जा, जरूर जा, रोजी कमवा. पण नकाशा वाचता येणारा, अंदाजपत्रकातला आकडा पकडणारा आणि अधिकाऱ्यासमोर आवाज न चढवता बोलणारा माणूस पाड्यावर एखादाच असतो. तिथे तुमची पदवी पगारापेक्षा जास्त कामाची आहे.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहेत. टंचाई आराखड्याची तयारीही त्याच सुमारास सुरू होते. मागच्या तीन उन्हाळ्यांत कुठल्या पाड्यावर टँकर कधी सुरू झाला, किती फेऱ्या झाल्या आणि जवळची विहीर कोणत्या महिन्यात आटली, एवढा तक्ता करायला मला माणसं हवी आहेत. एक्सेल येत असेल तर पुरे. पाड्यावरच्या लोकांसोबत बसून तो भरायचा आणि सभेत त्यांनीच मांडायचा.