बाटलीतील औषध की नित्याची निगा ?

खंडाळा तालुक्यातील शेतकऱ्याच्या दारात बैलगाडीच्या जोडीला आता ट्रॅक्टर आणि मालट्रक उभा राहिला आहे. लोणंदच्या बाजारात येणारा कांदा असो किंवा भुईंजच्या साखर कारखान्याकडे जाणारा ऊस असो, शेतमालाचा शेवटचा प्रवास डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाच्या भरवशावरच होतो. हे इंजिन ऐन हंगामात खंबाटकी घाटात बंद पडले, तर नुकसान केवळ गाडीमालकाचे होत नाही. तोडलेला ऊस वाळून त्याचे वजन व साखर घटते, कांदा गोणीत घामेजतो आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. यास्तव इंजिनाची स्वच्छता हा शेतीचाच विषय आहे, असे आम्ही मानतो.

अलीकडे इंधनात मिसळण्याच्या द्रव्यांचा, म्हणजेच ॲडिटिव्हचा, प्रसार वाढला आहे. एक बाटली टाकीत ओतली की इंजिन आतून धुऊन निघते, धूर थांबतो व डिझेल वाचते, असे विक्रेते सांगतात. हा सारा प्रकार 'पी हळद अन् हो गोरी' या म्हणीची आठवण करून देणारा आहे. ही द्रव्ये सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे मात्र आमचे म्हणणे नाही. नोझलच्या सूक्ष्म छिद्रांवर काजळीचा थर बसला की डिझेलचा फवारा बारीक न पडता धार पडते, ज्वलन अपुरे होते आणि काळा धूर येतो. चांगल्या प्रतीचे शोधक द्रव्य हा थर काही अंशी सोडवते. तसेच टाकीच्या तळाशी पाणी साचून दीर्घकाळ राहिल्यास पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात व बुळबुळीत गाळ तयार होतो. त्यावरही द्रव्ये मिळतात. परंतु झिजलेले नोझल, फाटलेली हवेची गाळणी किंवा सैल झालेली रिंग कोणत्याही बाटलीने दुरुस्त होत नाही. तेथे बाटली ओतणे म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा या प्रतीचे डिझेल मिळते. त्यातील गंधकाचे कमाल प्रमाण दर दहा लाख भागांत १० भाग इतके आहे. त्यापूर्वीच्या प्रतीत ते ५० होते. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो. ती उणीव शुद्धीकरण कारखान्यातच ठराविक प्रमाणात द्रव्य मिसळून भरून काढलेली असते. म्हणजे खात्रीच्या पंपावरील डिझेलमध्ये आवश्यक ते आधीच आहे. त्यात आपण अंदाजाने भर घालणे म्हणजे मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ घालण्यासारखे आहे. नव्या मालट्रकांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. धातुयुक्त द्रव्य वापरल्यास त्याची राख या गाळणीत अडकून ती चोंदते आणि तिचा खर्च बाटलीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

याहून गंभीर गैरसमज युरियाबाबत आहे. नव्या मालट्रकांना डिझेलच्या टाकीशिवाय निळ्या झाकणाची एक निराळी टाकी असते. तीत ३२.५ टक्के शुद्ध युरिया व उरलेले शुद्ध पाणी असे द्रावण भरतात. ते इंजिनात जात नसून धुरात फवारले जाते व त्यातील अपायकारक नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर करते. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडल्यास पंप व नोझल निकामी होतात. अशा वेळी इंजिन सुरूच न करता टाकी रिकामी करून घ्यावी. काही जण खताच्या गोणीतील युरिया पाण्यात विरघळवून हे द्रावण घरीच करतात. खताच्या युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. हे तेल व त्या युरियातील इतर अशुद्ध अंश यांमुळे धूर शुद्ध करणारी यंत्रणा खराब होते. शिवाय अनुदानाचे खत जमिनीखेरीज इतरत्र वापरणे हा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाचा भंग आहे. पिकाच्या तोंडचा घास काढून तो धुराड्यात घालणे कोणत्याही शेतकऱ्यास शोभणारे नाही.

भेसळीविषयी तर अधिक काय सांगावे ? जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ इंधनाची भेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. स्वस्त डिझेलच्या मोहापायी आपण कोणत्या व्यवहारास बळ देतो, याचा प्रत्येकाने विचार करावा. रॉकेल मिसळलेल्या डिझेलने पंपाचे वंगण कमी होते व पंप झिजतो, हा तोटा त्याखेरीज आहेच.

मग करावे काय ? उपाय साधे असून बहुतेक बिनखर्चाचे आहेत. पिंपातील डिझेल एक दिवस स्थिर ठेवून तळाचा गाळ न ढवळता वरूनच काढावे व गाळून भरावे. पावसाळ्यात रात्री टाकी रिकामी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतील दमट हवा गार होऊन तिचे पाणी होते. गाळणीखालील पाण्याचा स्क्रू वेळोवेळी सैल करून साचलेले पाणी सोडावे. उसाच्या फडातील धुळीमुळे हवेची गाळणी लवकर भरते, म्हणून ती हंगामात वारंवार पाहावी. कागदी गाळणी पाण्याने धुवू नये, ती बदलावी. वंगणाचे ऑइल व त्याची गाळणी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. धुराकडे लक्ष ठेवावे : काळा धूर हवा कमी किंवा डिझेल जास्त असल्याचे, निळा धूर वंगण जळत असल्याचे, तर इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचे किंवा आत शिरलेल्या पाण्याचे लक्षण होय. घाट चढताना काळा धूर ओकणाऱ्या गाडीस प्रथम बाटली नव्हे, तर कमी ओझे व स्वच्छ गाळणी हवी.

इतके करूनही कोणास द्रव्य वापरावयाचे असल्यास उत्पादकाच्या पुस्तिकेत त्यास मुभा आहे का, हे पाहावे व मात्रा वाढवू नये. जुनी टाकी आधी साफ करावी, नाहीतर सुटलेला गाळ वाटेतच गाळणी बंद पाडतो. बचतीचा हिशोब स्वतः करावा. समजा, १०० लिटर डिझेलमागे ३०० रुपयांचे द्रव्य लागते व डिझेल ९० रुपये लिटर आहे. तर तीन लिटरांहून अधिक बचत झाल्याखेरीज पैसे वसूल होत नाहीत. त्याच मार्गावर, तितक्याच ओझ्याने, टाकी भरून ते टाकी भरेपर्यंतचे अंतर द्रव्यासह व द्रव्याविना तीन-तीन वेळा मोजावे. मात्र त्याच वेळी नवी गाळणी बसवू नये, नाहीतर गाळणीचे श्रेय बाटलीला मिळेल.

१९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराने आपल्या भागातील शेतकऱ्याची यंत्राशी ओळख करून दिली. ते यंत्र समजून घेण्याची वृत्ती पुढे चालविणे आपल्या हाती आहे. साखर कारखान्यांनी गाळप हंगामापूर्वी वाहतुकीच्या वाहनांची एक दिवसाची तपासणी ठेवावी आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या दिवशी गाळणी उघडून, पाणी सोडून, धूर दाखवून प्रात्यक्षिक करावे. जनावराला वेळेवर वैरण-पाणी देणारा शेतकरी इंजिनाचीही निगा निश्चित राखील, अशी आमची खात्री आहे.